मोकळीक द्या, पाठ फिरवू नका
(शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण)



‘नेतृत्व’ या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी व्यवस्थापनशास्त्राचा पंडित नव्हे, साधा वर्गशिक्षक आहे. म्हणून प्रारंभ माझ्याच चुकीने करतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गाने हस्तलिखित अंक काढला. प्रत्येक लेख मी इतका ‘सुधारला’ की मुलांचे त्यात नावापुरतेच उरले. अंक देखणा झाला, माझे कौतुकही झाले. पण पालकसभेत एक मुलगा स्वतःचाच लेख वाचताना अडखळू लागला. मागाहून मी रागावलो, तेव्हा तो हळूच म्हणाला, “सर, ते तुम्हीच लिहिलंय ना!” त्या वाक्याने माझे डोळे उघडले.

पुढल्या वर्षी मी तीनच गोष्टी ठरवून दिल्या: तारीख, पानांची संख्या आणि नक्कल करायची नाही. संपादक मुलांनीच निवडला. अंक चार दिवस उशिरा निघाला, शुद्धलेखनाच्या चुकाही राहिल्या. पण त्याच मुलाने वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावर लिहिलेला लेख कागदाकडे न पाहता सांगितला.

मोठ्या कार्यातही हेच दिसते. १९४६ साली गुजरातेत खेडा जिल्हा दूध उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला. अध्यक्ष होते त्रिभुवनदास पटेल. १९४९ साली आणंदच्या सरकारी क्रीमरीत आलेले तरुण अभियंते वर्गीस कुरियन नोकरी सोडून निघाले असता त्रिभुवनदासांनी त्यांना संघासाठी थांबवून घेतले. शेतकऱ्यांना एकत्र ठेवण्याचे काम त्यांनी स्वतःकडे ठेवले आणि डेअरीचा कारभार कुरियन यांच्या हाती सोपविला. कुरियन यांनी तीच रीत पुढे चालविली. म्हशीच्या दुधाची भुकटी होणे नाही, असे परदेशी तज्ज्ञ म्हणत. ती जबाबदारी त्यांनी दलाया या आपल्या सहकाऱ्यावर टाकली आणि १९५५ साली आणंदला भुकटीचा कारखाना उभा राहिला. पुढे १९६६ पासून अमूल लोण्याच्या जाहिराती डकुन्हा यांच्या मंडळींकडे आल्या. प्रत्येक जाहिरात आधी मंजूर करून घेण्याचे बंधनही कुरियन यांनी त्यांच्यावर ठेवले नाही.

पण मोकळीक म्हणजे बेफिकिरी नव्हे, हे विसरू नये. त्याच संघाच्या गावोगावच्या केंद्रांवर दूध मोजले जाई, त्यातील स्निग्धांश तपासला जाई आणि त्यानुसारच पैसे मिळत. माणसावर विश्वास होता, पण मापही होते. हात काढून घ्यावा, नजर काढू नये.

मित्रहो, उद्दिष्ट, मुदत आणि खर्चाची मर्यादा आधीच स्पष्ट सांगावी. मग रोज विचारपूस न करता ठरल्या दिवशीच आढावा घ्यावा. नवख्याला अधिक आधार द्यावा, जाणत्याच्या वाटेत येऊ नये. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला तर मात्र तत्काळ पुढे व्हावे. यश आले तर सहकाऱ्याला पुढे करावे आणि अपयश आले तर आपण पुढे उभे राहावे. हे सर्वांत कठीण आहे.

वडीलधाऱ्यांची क्षमा मागून एक विनंती करतो. खडूच्या पेटीसाठीही शिक्षकाला सही आणावी लागली, तर तो विचार करणे सोडून देतो आणि मग तीच सवय तो विद्यार्थ्यांना लावतो. आमच्यावर विश्वास टाका आणि हिशेबही मागा. आम्ही दोन्हींना पात्र होऊ.