ताकद फक्त पैलवानांसाठी नाही

नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या धाराशिवात महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा झाली. जोर-बैठका म्हटलं की आपल्याला पैलवानच आठवतात. पण स्नायूंना ताण देणारा व्यायाम घरातल्या आजीलाही तितकाच गरजेचा आहे.

तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात. मग जिना चढताना गुडघे कुरकुरतात, तोल जातो. ताणाच्या व्यायामानं स्नायू आणि हाडं बळकट होतात, पडण्याचा धोका घटतो. रक्तातली साखर स्नायू वापरतात, म्हणून मधुमेहातही त्याचा फायदा होतो.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम सुचवते. पासष्टीपुढे तोल सांभाळण्याच्या व्यायामासह तीन दिवस.

सुरुवात घरीच करा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, पावलं जमिनीवर घट्ट रोवा आणि हातांचा आधार न घेता उठा. मग सावकाश बसा. असं आठ-दहा वेळा करा. त्यानंतर भिंतीला तळवे टेकून जोर काढा. उठताना, जोर लावताना श्वास सोडा. दम कोंडू नका. सोपं वाटू लागलं की हळूहळू वाढवा.

शेतात राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला, असं वाटेल. पण खुरपणीत शरीर तासन्‌तास एकाच ठेवणीत राहतं. सगळ्या स्नायूंना काम मिळत नाही. स्नायूंसाठी जेवणात डाळ, हरभरा, दूध असू द्या. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली, तर लगेच थांबा.

आजच खुर्ची भिंतीला लावा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सोबत घ्या.