दुपारच्या तासाला रात्रीचं आकाश
चुडाव्याहून नांदेडला कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना संध्याकाळी परतीची गाडी गाठायची असते. मग त्यांना तारे दाखवायचे केव्हा? मी म्हणतो, दुपारी बाराला! आयुकाची गिरवलीची दुर्बीण 2006 पासून आहे. पण तिची रात्र तीच आपली. हवाई बेटांवरच्या हालेआकाला पर्वतावर 2 मीटर आरशाची फोक्स दुर्बीण आहे. आपल्याकडे बारा वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ! ती इंटरनेटवरून चालते. वेळ मात्र अर्ज करून मिळवावा लागतो.

प्रयोगशाळेला घुमट नको. चार संगणक नि इन्व्हर्टर पुरे, आणि मी तर इन्व्हर्टर आधी घेईन. निरीक्षण आगाऊ नोंदवलं, की आपली वीज गेली तरी दुर्बीण छायाचित्र काढून ठेवते. मुलांनी एखादा रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा तारा निवडावा, छायाचित्रांवरून त्याचं तेज मोजावं आणि सत्र संपेपर्यंत आलेख पुरा करावा.