गॅरेजमधले विमान
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून सगळ्यांनी एकच विचारले, "तू खरंच घरी विमान बनवते आहेस?" हो. अमेरिकेत, आमच्या गॅरेजमध्ये, दोन जणांना बसता येईल एवढे. नोकरी सॉफ्टवेअरची, विमान शनिवार-रविवारी.

कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांनी आराखडाही स्वतःच केला. माझे तसे नाही. कंपनीकडून कापलेले पत्रे, रिव्हेट आणि नकाशे येतात. मात्र तिथल्या नियमाप्रमाणे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांच्या हातून व्हावे लागते. म्हणजे भोकांच्या कडा घासायच्या, पत्रे जुळवायचे, हजारो रिव्हेट ठोकायचे. त्याला बहुतेक वेळा दोघे लागतात: एकाने बाहेरून हवेची गन चालवायची, दुसऱ्याने आतून पोलादी ठोकळा दाबून धरायचा. आमच्याकडे ठोकळा लेकीकडे.

गेल्या हिवाळ्यात शेपटीच्या एका पट्टीत रिव्हेट वाकडा बसला. तो काढताना ड्रिल सरकले आणि भोक कडेच्या बाजूला फाकले. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट तरी अंतर हवे. तेवढे उरले नाही. वरून पत्रा बसला की कुणाला दिसले नसते. मी पत्रा उचललाही. लेक म्हणाली, "आई, यात मी पण बसणार आहे ना?"

मी पत्रा खाली ठेवला. नवी पट्टी येईपर्यंत पाच आठवडे काम थांबले. ऑफिसात चूक झाली तर मागची आवृत्ती परत आणता येते. पत्र्याला ती सोय नाही.

त्या रात्री आपले कार्यानुभवाचे सर आठवले. माझ्या लाकडी पेटीची फट मी लांबी भरून बुजवली होती. सरांनी ती नखाने उकरली आणि एवढेच म्हणाले, "पुन्हा कर." तेव्हा फार राग आला होता. सर, आज तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते: पट्टी दुसऱ्यांदा नीट बसली.

विमान अजून उडालेले नाही. पंख बाकी आहेत, सरकारी तपासणी बाकी आहे, मग ठरावीक तासांची चाचणी-उड्डाणे. आत शिरण्याच्या जागी 'एक्सपेरिमेंटल' हा शब्द किमान दोन इंच उंच अक्षरांत लिहावा लागतो. तो वाचूनही ज्यांना बसावेसे वाटेल, त्यांनी जरूर यावे. तोवर ठोकळा धरायला माणसे हवीच आहेत.