देव्हारा : घरातील मंदिर आणि आपला समाज

(माघ शुद्ध त्रयोदशीस, विश्वकर्मा जयंतीच्या उत्सवात केलेले भाषण)



भगवान विश्वकर्म्याच्या थोरवीचे वर्णन माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी आताच केले आहे. मी एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे सुताराने घडविलेला घरचा देव्हारा.

देव्हारा ही केवळ देव ठेवण्याची पेटी नव्हे. हातभर मापात उतरविलेले ते सबंध मंदिरच होय. खालची बैठक हे त्याचे जोते. त्यावर खांब, खांबांवर छज्जा आणि सर्वांवर शिखर व कळस. आपल्या भोकरदन तालुक्यात अन्वा येथे सुमारे बाराव्या शतकातील शिवमंदिर आहे. त्याचे नक्षीदार दगडी खांब ज्यांनी पाहिले असतील, त्यांना घरच्या देव्हाऱ्याचे खांब कोणत्या कुळातले आहेत, हे सांगावे लागणार नाही.

मग सुताराने पाथरवटाची नक्कल केली की काय? याचे उत्तर वेरूळास मिळते. तेथील दहाव्या क्रमांकाचे लेणे सातव्या शतकातील बौद्ध चैत्यगृह आहे. परंतु लोक त्यास ‘विश्वकर्मा’ किंवा ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. कारण त्याचे छत डोंगर कोरून काढलेले असूनही त्यास लाकडी वाशांचे रूप दिले आहे. त्या दगडी वाशांवर यत्किंचितही भार नाही. ते केवळ आठवण म्हणून कोरलेले आहेत. पूर्वी सुतार मंडळी तेथील बुद्धमूर्तीस विश्वकर्मा मानून पूजीत असत. त्याहून प्राचीन अशा कार्ल्याच्या चैत्यात तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे खरे लाकडी वासे अद्याप छतास आहेत. म्हणजे घडण आधी लाकडात होती, ती दगडात गेली आणि देव्हाऱ्याच्या रूपाने पुन्हा लाकडात आली. पाथरवटाकडून सुताराने जे घेतले, ते आपलेच उसने परत घेतले, असे मी विनोदाने म्हणत असतो.

देव्हाऱ्याने वाड्याकडूनही पुष्कळ घेतले. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, त्यांमधील महिरप आणि महिरपीशी लोंबणारी केळफुले ही पेशवाईतील वाड्यांची शोभा. त्यांतील खांब व महिरप मोगली इमारतींवरून आले. मंदिराचे शिखर आणि मोगली महिरप एकाच चौकटीत बसविताना आपल्या पूर्वजांना काही विपरीत वाटले नाही. त्यांची दृष्टी मापावर होती.

आता कामाविषयी. सागवान पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून जाणता सुतार चौकट साल-कुसूने जोडतो आणि मधली फळी खाचेत मोकळी सोडतो. खिळा मारला की फळी तडकलीच. शिखर एका ठोकळ्याचे न करता थरावर थर चढवून आतून पोकळ ठेवतो, त्यामुळे ते खांबांना जड होत नाही. बाजारात मिळणारे देव्हारे पुष्कळदा एमडीएफचे असतात. देवघरात नित्य पाणी सांडते, आणि पाणी लागले की ती फळी फुगून पिठासारखी सुटते. त्यांवरील नक्षी संगणकावर चालणाऱ्या यंत्राची असते. यंत्राशी माझे वैर नाही. कातारी ज्यावर खांब काततो तेही यंत्रच. परंतु नेहमीचे कोरीवयंत्र वरून खालीच कोरते. पाकळीच्या मागे पोकळी काढणे त्यास साधत नाही. म्हणून ती नक्षी चापट दिसते.

बाजारास तरी दोष का द्यावा? माझ्या परिचयाच्या, आपल्याच समाजातील एका घरी आजोबांच्या हातचा देव्हारा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यास देऊन टाकला आणि त्याच आठवड्यात दुकानातून तयार देव्हारा आणला. शहरातील दिवाणखान्यात तो जुना देव्हारा शोभेची वस्तू म्हणून मिरवील. घडविणाऱ्याचे नाव मात्र तेथे कोणास ठाऊक असणार? ज्या घरी ते ठाऊक होते, त्या घरानेच तो दाराबाहेर काढला. घरे लहान झाली, मुले पुण्या-मुंबईस गेली, हे मला मान्य आहे. परंतु देण्यापूर्वी त्याची मापे तरी घेतली होती काय? तीही घेतली नव्हती.

मुलांनी वाकस-पटाशीच धरावी, असा माझा आग्रह नाही. मी स्वतः खडू हाती धरला. मात्र ज्यांना धंदा करावयाचा आहे, त्यांच्यासाठी 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेच्या 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य आणि पहिल्या हप्त्यात 1 लाखापर्यंत कर्ज यांची तरतूद आहे. अवजारे त्यातून येतील. माप मात्र आपल्या घरातूनच यावे लागेल.

याकरिता कार्यकारी मंडळापुढे एक सूचना मांडतो. ज्यांच्या घरी जुना देव्हारा आहे त्यांनी त्याची बैठक, खांब, महिरप व शिखर यांची मापे घ्यावीत, समोरून व बाजूने रेखाटन करावे आणि घडविणाऱ्याचे नाव व गाव खाली लिहावे. चित्रकला शिकणाऱ्या मुला-मुलींकडून हे काम सहज होईल. पुढील जयंतीच्या अंकात त्यांस चार पाने मिळावीत. रेखाटने तपासून देण्याचे काम मी पत्करतो. दिवाळीपूर्वी ती माझ्याकडे यावीत, एवढीच विनंती.