पूर्ण हजेरीचे बक्षीस



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी संस्थेचे गुणगान व्हावे हे उचितच, आणि माझ्या आधीच्या वक्त्यांनी ते यथास्थित केले आहे. मी पडलो मास्तर. मला वर्गातल्या एका ओकारीविषयी बोलायचे आहे. पंगतीची वेळ जवळ आली आहे, तेव्हा आधीच क्षमा मागतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा सकाळपासून पोट धरून बसला होता. रात्री त्याला दोनदा उलटी झाली होती, तरी वडील त्याला शाळेत सोडून गेले. घरी जा म्हटले, तर रडू लागला. "सर, हजेरी जाईल!" आपल्या ट्रस्टचे पूर्ण हजेरीचे बक्षीस त्याला हवे होते. मीही म्हणालो, बैस बाबा डोके टेकून. दुसऱ्या तासाला तो बाकावरच ओकला. शिपाई रजेवर, म्हणून मी दोन पोरांच्या हाती फडके दिले. तिसऱ्या दिवशी चाळीसांपैकी एकवीस हजर. ती दोन पोरे गैरहजर होती हे सांगायला नकोच. चौथ्या दिवशी मी स्वतः अंथरुणात!

तपासणी काही झाली नाही, पण लक्षणांवरून हा नोरोव्हायरस असावा, असे डॉक्टर म्हणाले. या विषाणूला नावच मुळी एका शाळेमुळे मिळाले. अमेरिकेत ओहायो राज्यातील नॉरवॉक गावी 1968 साली एका प्राथमिक शाळेतील जवळजवळ निम्मी मुले व शिक्षक ओकाऱ्यांनी आजारी पडले आणि मग घरोघरची माणसे. 1972 साली कापिकियन या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिला. आपल्याकडे केरळात, एर्नाकुलम जिल्ह्यात, 2023 च्या जानेवारीत तो शाळकरी मुलांत आढळला.

दुखणे दोन-तीन दिवसांचे. खास औषध नाही; मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजत राहावे, लहानग्यांच्या अंगातले पाणी आटू देऊ नये. पण पसरण्यात हा मोठा वस्ताद. विषाणूचे मोजके कण पोटात गेले तरी पुरे. करोनानंतर वर्गावर्गांत आलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्यांना तो फारसा दाद देत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखालीच हात धुवावे लागतात. आमच्या घरी वजू करताना पाणी हातावरून वाहून जाते; शाळेत मात्र साठ मुले एकाच बादलीत हात बुचकळतात! ओकारी साफ करायची ती मोठ्या माणसाने, नाक-तोंड झाकून, हातमोजे घालून, ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने; आणि तोवर मुले वर्गाबाहेर.

तरीही मुख्य गोष्ट निराळीच आहे. उलट्या-जुलाब थांबल्यावर आणखी पुरते दोन दिवस मुलाने घरी राहिले पाहिजे. बरे वाटू लागले तरी तो इतरांना देतच असतो. आणि नेमके हेच दोन दिवस आपले बक्षीस त्याला घरी राहू देत नाही. बक्षीस देणाऱ्यांचा हेतू थोर होता, मी स्वतः पंधरा वर्षे त्याच्या याद्या केल्या आहेत.

म्हणून माझी विनंती अशी, की पालकांची चिठ्ठी आणलेले आजारपणाचे दिवस हजेरीत धरावेत; नाहीतर बक्षीस बंद करून त्या रकमेतून शाळेला सहा नळ बसवून द्यावेत. नळांचा खर्च मी मिस्त्रीकडून काढून आणला आहे. तो कागद अध्यक्षांच्या हाती देतो आणि आपली रजा घेतो.