हंडा, इरले आणि विहिरीचा काठ

एक साधा प्रश्न विचारून सुरुवात करतो. तुमच्या घरातला तांब्या कोणी तयार केला? तांबटाने, असे तुम्ही म्हणाल, किंवा कारखान्याने. ते खरेच. पण त्याचे ते फुगीर पोट, आवळलेला गळा आणि बाहेर वळलेला काठ, हे कोणी ठरवले? त्याचे नाव कोणालाच सांगता येणार नाही. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून आपला देश पाहून गेले. दोघेही वस्तूंच्या घडणीत नावाजलेले. त्यांनी सरकारला जो अहवाल दिला त्यात आपल्या या तांब्याला, लोट्याला, फार मोठा मान दिला आहे. देशात पाहिलेल्या वस्तूंमध्ये कदाचित हीच सर्वांत सुंदर, असा त्यांचा अभिप्राय. आणि लगेच त्यांनी प्रश्नांची माळ लावली आहे: त्यात पाणी किती मावावे, ते डोक्यावर न्यायचे की कमरेवर, हाताचा पंजा केवढा, ओतताना धार कशी पडावी, आतून घासता येते का, रिकामा असताना तोल कसा राहतो. हे सगळे प्रश्न एका माणसाने एका बैठकीत सोडवलेले नाहीत, पिढ्यान्‌पिढ्यांनी थोडे थोडे करून सोडवले, असे ते म्हणतात. याच अहवालातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली, आणि १९६९ मध्ये आपल्या पवईच्या आय.आय.टी.त औद्योगिक डिझाईनचे केंद्र निघाले.

डिझाईन हा शब्द आता सर्वांच्या तोंडी आहे. मी आपला 'घडण' म्हणेन. मी अर्थशास्त्र शिकवतो, यंत्रशास्त्र नव्हे. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. माझा अधिकार एवढाच की मी एक वस्तू चुकीची घडवून पाहिली आहे. त्याकडे येतोच, पण आधी जरा इरल्याविषयी.

पावसाच्या तोंडावर मुरबाड-शहापूरच्या बाजारांत एकेकाळी इरली विकायला येत. बांबूच्या बारीक कामट्यांची दुहेरी जाळी विणायची, मधे पानांचा थर दाबून बसवायचा. टोक डोक्यावर, बाक पाठीवर, शेवट कमरेखाली. टोकावड्याकडच्या खाचरांत आवणी चाललेली असताना तुम्ही कधी बांधावर उभे राहिला असाल, तर याची खुबी ध्यानात येईल. छत्री ही उभ्याने चालणाऱ्या माणसासाठी आहे आणि ती एक हात मागते. आवणी करणारी बाई दिवसभर कमरेत वाकलेली असते, आणि तिचे दोन्ही हात चिखलात असतात. इरले तिच्या पाठीवर घरासारखे बसते. पाठ आणि इरले यांच्यात हवा खेळते, म्हणून घामाने अंग भिजत नाही. ज्याने पहिले इरले विणले त्याने पाऊस पाहिला असेलच, पण त्याहून अधिक ती वाकलेली पाठ पाहिली होती.

मग प्लास्टिकचा कागद आला. आमच्यातील काही रसिक मंडळी यावर हळहळतात. मी फारसा हळहळत नाही. इरले अवजड असते, घरात जागा अडवते, पाने कुजतात, आणि विणणारा हात मिळेनासा झाला की मिळतच नाही. कागद स्वस्त. पण तो वाऱ्याने उडतो, अंगाला चिकटतो, आणि आत माणूस उबून जातो. यावर तोड कोणी काढली? कोण्या संस्थेने नव्हे. आता कुठे कुठे जुन्याच बांबूच्या सांगाड्यावर पानांऐवजी प्लास्टिक बांधलेले दिसते. पोकळी जुनी, आच्छादन नवे. ज्याला परीक्षेच्या पेपरात आमची मुले 'नवप्रवर्तन' असे जड नाव लिहितात, ते हे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी 'वैभव' विळा शेतकऱ्यांनी आपलासा केला त्याचेही कारण मला असेच दिसते. कापणीची रीत त्याने बदलायला लावली नाही. फक्त पुन्हापुन्हा धार लावण्याची कटकट तेवढी काढून टाकली.

आता माझी चूक सांगतो.

शहापूर तालुक्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. १८९२ सालचे तानसा धरण या तालुक्यात, भातसा धरण या तालुक्यात. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा इथून जातो. पावसाळ्यात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यातले कित्येक पाडे टँकरची वाट पाहत बसतात. धरणाचे पाणी खाली वाहते, पाडे वर टेकाडावर आहेत, आणि खालच्या काळ्या पाषाणात पाणी मुरून राहत नाही. याचा न्याय-अन्याय हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे आणि तो मी टाळतो असे समजू नका; आज हंड्यापुरते बोलतो.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर एका ठाकूरवाडीत होते. डोक्यावर दोन आणि कमरेवर एक हंडा घेऊन चढणाऱ्या बाया पाहून मुले अस्वस्थ झाली. परत आल्यावर एका विद्यार्थ्याने माहिती काढली की दक्षिण आफ्रिकेत दोघांनी १९९१ साली लोळवत न्यायचा पाण्याचा पिंप काढला आहे. त्यात ९० लिटर पाणी मावते. झाले! आम्ही वर्गणी काढली. निळे प्लास्टिकचे पिंप, आरपार लोखंडी दांडा, ओढायला मूठ. आमच्या पिंपात ४५ लिटर मावत होते, म्हणजे तीन हंडे. महाविद्यालयाच्या मैदानावर तो असा सुरेख फिरला की टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दोन पिंप वाडीला दिले, छायाचित्र काढले, परत आलो.

महिन्याने गेलो, तेव्हा एका पिंपात नाचणी भरून ठेवली होती आणि दुसऱ्यावर कोंबडी बसली होती.

विहीर खाली ओहोळाच्या कडेला, वाडी वर. वाट दगडांची, मधे दोन ठिकाणी पायरीएवढा चढ. भरलेला पिंप पंचेचाळीस किलोच्या वर. चढावर तो मागे येतो. एकीने ओढायचा आणि दुसरीने मागून रेटायचा. हंडे घेतलेली बाई एकटी जाते, वाटेत काटा मोडला तर थांबून काढते. मला वाईट वाटले, ते लपवायला मी वाटेला दोष देऊ लागलो. तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "सर, डोईवरचा आमाला काय जड नाय. चुंबळ हाय, सवय हाय. जीव जातो तो हितं, हिरीवर."

हे वाक्य मी पहिल्या दिवशी ऐकायला हवे होते. पण पहिल्या दिवशी आम्ही विचारलेच नव्हते.

दुसऱ्या खेपेस पहाटे चारला विहिरीवर जाऊन बसलो. टँकर विहिरीत पाणी सोडून जातो. तळाशी हात-दोन हात पाणी, आणि ते संपायच्या आत प्रत्येकीला आपले हंडे भरायचे असतात. काठाभोवती पंधरा-वीस बाया, प्रत्येकीचा आपला दोर, आपली बादली. दोर दगडी कठड्यावर घासतो, झिजतो, तुटतो. बाई वाकून ओढते, तिचा अर्धा देह आत झुकलेला असतो. एका पोरसवदा मुलीचा पाय घसरताना मी पाहिला. शेजारणीने वेणी धरून मागे खेचले. त्यानंतर दोघीही काही न बोलता पुन्हा शेंदू लागल्या.

आम्ही कप्पी बसवली. दोन खांब, वर आडवा दांडा, मधे चाक. वाटले, आता तरी बरोबर उत्तर सापडले. तुम्हाला चूक दिसली का? मला दिसली नव्हती. कप्पी एक आणि बाया वीस. टँकरचे पाणी आटायच्या आत एका चाकापाशी रांग कोण लावणार? आठवड्याभरात त्या दांड्यावर ओली लुगडी वाळत होती.

तिसऱ्या वेळी आम्ही काही बनवून नेले नाही. कोरा कागद नेला आणि विहिरीच्या काठावर बसून विचारले, काय हवे? "काठच गुळगुळीत करा," एकजण म्हणाली. त्यावरून सुचले: कठड्यावर आडवी, फिरती लोखंडी नळी बसवायची, म्हणजे प्रत्येकीला आपल्या जागेवरून ओढता येईल, दोर घासणार नाही, आणि बाई पाऊलभर मागे उभी राहू शकेल. किन्हवलीच्या एका वेल्डरकडे लांबलचक नळीचे चित्र घेऊन गेलो. त्याने चित्र पाहिले आणि हसला. म्हणाला, "एक बाई दोर सोडतेय, दुसरी ओढतेय. नळी फिरायची कोणीकडे?" आम्ही दोन एम.ए. आणि एक बी.एस्सी. एकमेकांकडे पाहत राहिलो. त्याने नळीचे हातभर लांबीचे तुकडे केले, ते एकाच सळईत ओवले, प्रत्येक तुकडा स्वतंत्र फिरणारा. अशा चार चौकटी गोल विहिरीच्या चार बाजूंना सिमेंटात बसवल्या. त्याने मजुरी घेतली, पण नळीचे पैसे घेतले नाहीत.

त्या वर्षी दोर तुटले नाहीत असे मी म्हणणार नाही, कमी तुटले. वापर मात्र पहिल्या दिवसापासून सुरू झाला, कोणाला शिकवावे लागले नाही. एका जुन्या गोष्टीची आठवण त्या बायांनीच दिली, की आता वाकावे लागत नाही म्हणून गरोदर बाईलाही एखादा हंडा शेंदता येतो. मला ती चांगली बातमी वाटली. नंतर घरी येताना तितकीशी चांगली वाटेना.

मे महिन्यात निरोप आला. दुपारचा टँकर आला की नळी उन्हाने इतकी तापलेली असते की चुकून हात लागला तर चटका बसतो. बायांनी तिच्यावर ओले किंतान गुंडाळले. त्याने चटका थांबला, पण नळी फिरेना. वेल्डरचे म्हणणे, लोखंडावर पोकळ बांबूचे नळकांडे चढवावे. बांबू उन्हात तडकेल अशी मला शंका आहे. वाडीतल्या म्हातारीचे मत वेगळे: पावसाळ्यानंतर तोडलेला जून बांबू घेतला, तर तडकणार नाही. तिच्या सांगण्याप्रमाणे दिवाळीनंतर तोडलेले चार बांबू सध्या तिच्या ओटीवर सावलीत वाळत आहेत.