दुकानाचा सातबारा कोणाच्या नावावर?

मैत्रिणींनो, वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आता गटांनी संकेतस्थळ काढून हळद विकावी, असं सगळे सांगतात. जरूर काढू. वर्डप्रेस फुकट मिळतं. भाव बदलणं, फोटो टाकणं आपल्यालाही जमतं. पण हळद शिजवायची, वाळवायची आपण, आणि डोमेन दिराच्या नावावर, पासवर्ड त्याच्या फोनमध्ये; मग दुकान कोणाचं? शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीनं जमिनीबद्दल हाच प्रश्न विचारला होता. म्हणून डोमेन गटाच्या नावावर घ्या. ईमेल गटाचा ठेवा. अ‍ॅडमिन किमान दोघी असू द्या. डोमेनचे पैसे कधी भरायचे, ती तारीख ठरावाच्या वहीत लिहा. चुकली तर नाव हातचं जाऊ शकतं. शिकवणारा कोणीही असो, किल्ली आपल्या कमरेला हवी.